आधी कपडा दाखवा

ज्याने जन्मात एक बटण विकलेले नाही त्याने बटणांचे दुकान मांडू नये, असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही. आणि जे लिहिलेले नाही ते न मानण्याची प्राध्यापकांना चाळीस वर्षांची सवय होती. ते तर्कशास्त्र शिकवत. निवृत्तीनंतर वर्ग गेला, फळा गेला, पण 'तथापि', 'याउलट' आणि 'म्हणून हे सिद्ध होते' ही त्रयी काही गेली नाही. दूधवाल्याशी अर्ध्या लिटरचा वाद घालतानाही ते आधी पूर्वपक्ष सविस्तर मांडत आणि मग त्याचे खंडन करत. दूधवाला तोवर वरचे दोन मजले उरकून खाली आलेला असे.

दुकान खरे म्हणजे त्यांच्या पत्नीचे. गिऱ्हाइके तिला काकू म्हणत, म्हणून आपणही काकूच म्हणू. घड्याळे दुरुस्त करणारा आणि कपडे धुऊन देणारा या दोघांच्या मधल्या फटीत, जाड ग्रंथात खूणपट्टी सरकवावी तसे ते दुकान सरकवलेले होते. आत जमिनीपासून छतापर्यंत तीनशे बारा खण, आणि प्रत्येक खणाच्या मुठीला आतल्या मालाचा नमुना म्हणून एकेक बटण दोऱ्याने बांधलेले. एकतीस वर्षे काकूंनी तिथे एकाच नियमावर धंदा केला: आधी कपडा दाखवा. नुसते तुटके बटण घेऊन येणाऱ्याला, किंवा त्याहून वाईट म्हणजे "असं साधारण गोल असतं बघा" असे हवेत बोटाने काढून दाखवणाऱ्याला त्या गोड हसून घरी परत पाठवत. कपडा आला की बटण ज्यातून जायचे ते काज बोटाने चाचपत, हलकेच ताणून बघत, हातासरशी गिऱ्हाइकाच्या घरची ख्यालीखुशाली काढून घेत, आणि मगच शिडीवर चढत. बटण शोधायला पाव मिनिट आणि घरची हकिकत ऐकायला पाऊण तास, असे त्या धंद्याचे एकंदर प्रमाण होते.

मग काकूंच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. हाडांच्या डॉक्टरांनी क्ष-किरण छायाचित्र उजेडासमोर धरले आणि तीन छोटी वाक्ये उच्चारली. शिडी बंद. उभं राहणं बंद. दुकान बंद. पहिल्या दोन वाक्यांवर काकूंनी मान हलवली. तिसऱ्यावर त्यांनी डॉक्टरांच्या अंगरख्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "तुमचं खालून दुसरं बटण सैल झालंय."

महिनाभरात दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरे लटकू लागली आणि तीनशे बारा खण प्राध्यापकांच्या अभ्यासिकेत आले. अभ्यासिकेतले ग्रंथ न्हाणीघराच्या माळ्यावर गेले. ज्ञानाला व्यवहारापुढे जागा खाली करून द्यावी लागते, हे प्राध्यापकांनी अनेक व्याख्यानांत सांगितले होते, पण ती जागा इतकी दमट असेल अशी त्यांची कल्पना नव्हती.

त्यांना खरे बोचले ते वेगळेच. पहिल्या आठवड्यात काकूंनी खण पुसले. दुसऱ्या आठवड्यात परत पुसले. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्या प्राध्यापकांजवळ आल्या आणि म्हणाल्या, "अहो, ते वर्तमानपत्रातलं कोडं द्या बरं इकडे. बघते सोडवून."

शब्दकोडे हा रिकामटेकड्यांचा रोजगार आहे, असे काकूंचे एकतीस वर्षांचे मत होते आणि ते प्राध्यापकांचे कोडे सुटत असताना त्या मोठ्याने बोलून दाखवत. त्या दिवशी त्यांनी उभे-आडवे सगळे सोडवले, दोन ठिकाणी प्राध्यापकांपेक्षा चांगले शब्द घातले, आणि अख्ख्या दुपारभर एक अक्षर बोलल्या नाहीत. प्राध्यापकांना लख्ख दिसले की या बाईला विक्री नको आहे, नफा तर मुळीच नको आहे. हिला गिऱ्हाईक हवे आहे. नाहीतर ही बाई खण पुसून पुसून संपून जाईल.

"आपण दुकान पुन्हा काढतो आहोत," ते म्हणाले. "घरातून. वेबसाइटवर. बांधणार मी."

काकूंनी पेन्सिल खाली ठेवली. "तुम्ही?"

त्या एका शब्दात सदतीस वर्षांचा संसार होता. भिंतीत ठोकताना वाकलेले सगळे खिळे त्यात होते.

प्राध्यापकांची भाची संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती आणि तिच्या हाताखाली चाळीस माणसे होती. तिने फोनवर अत्यंत व्यवहार्य सल्ला दिला आणि म्हणूनच तो मानला गेला नाही. "मामा, तयार दुकानं मिळतात. नाव टाकायचं, फोटो टाकायचे, दोन दिवसांत सुरू. तुम्ही कशाला डोकं फोडताय?"

"तयार दुकान कोणत्या गृहीतकांवर उभे आहे हे मला ठाऊक नसताना मी त्यात तुझ्या मामीला कसा बसवू?"

"मामींना नाही बसवायचं हो, बटणांना बसवायचंय."

"हाच तुझा मूळ दोष," असे म्हणून प्राध्यापकांनी फोन ठेवला आणि नऊशे पानांचे एक पुस्तक विकत आणले. इतर लोक अशी पुस्तके मधूनच उघडतात, हवे ते उतरवून घेतात आणि मिटतात. प्राध्यापकांनी अर्पणपत्रिकेपासून सुरुवात केली. शेवटची सूचीही वाचली, तिच्यातल्या एकोणीस चुका काढल्या आणि प्रकाशकाला शुद्धिपत्र पाठवले. प्रकाशकाने आभार मानून पुढच्या आवृत्तीवर सवलत देऊ केली. यात पाच आठवडे गेले. सहाव्या आठवड्याच्या अखेरीस पडद्यावर पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांत 'नमस्कार' असे उमटले, आणि प्राध्यापकांनी काकूंना स्वयंपाकघरातून बोलावून आणले.

"छान आहे," काकू म्हणाल्या. "बटणं कुठे आहेत?"

बटणांआधी व्याख्या हवी होती. प्राध्यापकांनी लिहिले: 'वस्त्राचे दोन भाग जोडणारी, काजातून जाणारी, छिद्रयुक्त चकती म्हणजे बटण.' काकूंनी एक खण ओढून त्यांच्यासमोर मागे कडी असलेले, छिद्र नसलेले बटण ठेवले. व्याख्या अव्याप्त ठरली. प्राध्यापकांनी छिद्रे काढून टाकली. तेव्हा काकूंनी हूक ठेवला आणि व्याख्या अतिव्याप्त झाली. असा तो सामना चालला. शेवटी काकूंनी टिचबटण ठेवले, ज्याला ना काज लागते ना छिद्र, आणि जे दाबले की टिच् असा आवाज करून बसते.

"हे बटणच नव्हे," प्राध्यापक निर्धाराने म्हणाले.

"निम्मी गिऱ्हाइकं हेच मागतात."

"निम्म्या जगाचा भ्रम हा काही पुरावा नाही."

"मग त्यांना सांगा तसं. 'तुम्ही मागताय ते बटण नाही, तुम्ही भ्रमात आहात.' आणि मग दार लावून घ्या."

टिचबटणासाठी 'उपबटणे' असा वेगळा विभाग निघाला. तो पुढे सर्वांत लोकप्रिय ठरला, हे सांगायला प्राध्यापकांना आजही दुसरा कोणीतरी लागतो.

याच सुमारास वरच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर या कार्यात उतरले. पोस्टमास्तर निवृत्त होऊन दहा वर्षे झाली होती, आणि जगात कुठेही काही पाठवले जात असेल तर तिथे आपण असलेच पाहिजे अशी त्यांची श्रद्धा होती. ते रोज सकाळी अकराला येत, प्राध्यापकांच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत आणि श्वास सोडत.

"प्रोफेसरसाहेब, रंग फार उदास आहेत हो. माझ्या पुतण्याचं चपलांचं दुकान आहे ना वेबसाइटवर, त्यात उघडल्याबरोबर फटाके उडतात."

"बटणाच्या शोधात आलेल्या मनुष्याला फटाक्यांचे काय प्रयोजन?"

"आनंद होतो हो! बरं, ते 'आमच्याविषयी' पान केलंत का? लोक तेच आधी वाचतात."

प्राध्यापकांनी 'आमच्याविषयी' अकरा पानी लिहिले. त्याला चव्वेचाळीस तळटीपा होत्या. पुढे नोंदींवरून असे आढळले की ते पान आजवर एकूण चार वेळा उघडले गेले. तीन वेळा प्राध्यापकांनी आणि एकदा पोस्टमास्तरांनी, चुकून.

चुकांविषयी एक शब्द इथे बोललाच पाहिजे. दुकान मोडून पडले की यंत्र म्हणे, 'काहीतरी चुकले आहे.' काय चुकले, कुणाचे चुकले, कुठे चुकले, याचा पत्ता नाही. प्राध्यापकांनी आयुष्यात हजारो उत्तरपत्रिका तपासल्या, पण समासात नुसते 'काहीतरी चुकले आहे' असे लिहून ते कधी पुढे गेले नव्हते. एवढ्या बेजबाबदार परीक्षकाला विद्यापीठाने पहिल्याच वर्षी नारळ दिला असता. इथे मात्र त्याला अब्जावधी लोक हात जोडून बसले होते. प्राध्यापक हात जोडून बसले नाहीत. ते थंडपणे, ओठ मिटून, ओळीमागून ओळ तपासत बसले, आणि चुकीचे विरामचिन्ह सापडले की ते पुसताना त्यांचा चेहरा एखाद्या न्यायाधीशासारखा होई.

चौथ्या महिन्यात खरेदीच्या शेवटच्या पायरीची वेळ आली: पिशवीत माल पडला, आता पत्ता लिहा, पैसे भरा. प्राध्यापकांनी काकूंना अभिमानाने ती पायरी दाखवली. काकूंनी ती नीट पाहिली.

"आणि कपडा?"

"कोणता कपडा?"

"त्यांचा. मी कपडा बघितल्याशिवाय बटण देत नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला? न बघता दिलं आणि बसलंच नाही, तर तो माणूस काजाची चीर कात्रीनं वाढवतो. मग शर्टच जातो. मी एकतीस वर्षांत कुणाचा शर्ट घालवला नाही."

प्राध्यापक वाद घालणार होते. पण वाक्य तर्कदृष्ट्या निर्दोष होते, आणि मुख्य म्हणजे काकू कितीतरी दिवसांनी एका दमात इतके बोलल्या होत्या. त्यांनी निमूटपणे ती पायरी पुन्हा बांधली. आता गिऱ्हाइकाने काजाचा फोटो पाठवायचा, तो काकूंच्या फोनवर जायचा, काकूंनी 'मंजूर' किंवा 'नामंजूर' दाबायचे, आणि मंजूर झाले तरच पैसे भरायची चौकट उघडायची. त्यात प्राध्यापकांनी 'खरेदीचे प्रयोजन, किमान पन्नास शब्द' अशी आपली एक भर घातली होती. ती काकूंनी त्याच दिवशी काढायला लावली.

भाचीने हे पाहिले आणि लगेच फोन केला. "मामा, एक चौकट जास्त असली तरी लोक दुकान सोडून पळतात. तुम्ही तर दुकानदारानं गिऱ्हाइकाला नापास करायची सोय केलीय!"

"पुरवणी परीक्षेचीही केली आहे. दुसरा फोटो पाठवता येतो."

उरले पैसे स्वीकारणे. त्यासाठी मध्ये एक कंपनी लागते. ती गिऱ्हाइकाकडून पैसे घेते, दुकानाला पोचवते आणि दोघांवरही संशय घेते. तिच्या अर्जात व्यवसायाचा प्रकार निवडायचा होता. यादीत सोने होते, भविष्यकथन होते, पाळीव सरपटणारे प्राणी होते, बटणे नव्हती. प्राध्यापकांनी 'इतर' निवडले. तीन दिवसांनी अर्ज परत आला: 'इतर' हा व्यवसाय धोकादायक समजला जातो. प्राध्यापकांनी उत्तरादाखल चौदा पानी टिपण पाठवले. कोणत्याही वर्गीकरणात 'इतर' हा वर्ग वस्तूचा दोष नसून वर्गीकरण करणाऱ्याच्या दारिद्र्याची कबुली असतो, हा त्याचा मथितार्थ. उत्तर तत्काळ आले: 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. कृपया आम्हाला पाचपैकी तारे द्या.'

मग दुकानाच्या दर्शनी भागाचे, पाटीसह, छायाचित्र हवे झाले. पोस्टमास्तरांनी दोन दिवस खपून पाटी रंगवली आणि फोटो काढताना तिच्या शेजारी छाती काढून उभे राहिले. अर्ज परत आला: छायाचित्रातील मालक आणि कागदपत्रांतील मालकीण यांच्यात साम्य नाही.

"मिशा आड आल्या," पोस्टमास्तर खिन्नपणे म्हणाले.

मग मालकिणीची ओळख कॅमेऱ्यासमोर पटवायची होती. काकू नवे कपडे घालून बसल्या. यंत्रातून एक पुरुषी आवाज आला: डावीकडे बघा. उजवीकडे बघा. आता डोळे मिचकावा.

काकूंनी मान वळवली. "अहो, हा परका माणूस मला डोळा मारायला सांगतोय."

"तो माणूस नाही, यंत्र आहे. आणि दोन्ही डोळे म्हणतोय."

"दोन्ही असोत की एक. ओळख ना पाळख!"

अखेर काकूंनी प्राध्यापकांकडे बघून डोळे मिचकावले, आणि यंत्राने ते आपल्यासाठीच आहे असे समजून ओळख मान्य केली. प्राध्यापक नंतर बराच वेळ विनाकारण खण लावत बसले होते.

शेवटी कंपनीचे पत्र आले. पडताळणी अधिकारी दुकानातून स्वतः एक खरेदी करून बघतील. तीन प्रयत्नांत व्यवहार पूर्ण झाला नाही, तर अर्ज कायमचा बंद होईल आणि पुन्हा करता येणार नाही. दुसरी कुठलीही कंपनी एवढ्या लहान दुकानाला दारात उभे करायला तयार नव्हती. प्राध्यापकांनी सगळ्यांना विचारून पाहिले होते. म्हणजे आता तीन प्रयत्न होते, आणि त्यांच्यापलीकडे वर्तमानपत्रातले कोडे.

मंगळवारी सकाळी साडेअकराला काकूंचा फोन वाजला. पहिला फोटो आला होता. काकूंनी चष्मा लावला.

"ही भिंत आहे."

"काय?" प्राध्यापक आणि पोस्टमास्तर एकदमच म्हणाले.

"भिंत. पांढरी. भिंतीला बटण कशाला?" आणि कुणी काही म्हणायच्या आत काकूंनी 'नामंजूर' दाबले.

पाचच मिनिटांत दुसरा फोटो आला. निळा कोट, चमकदार, आत एक देखणा तरुण, मागे समुद्र.

"हा कुठूनतरी उचललाय," काकू म्हणाल्या. "हा कपडा त्याचा नाही. ज्याचा आहे त्यानं पाठवावा." नामंजूर.

प्राध्यापकांनी भाचीला फोन लावला. भाची जवळजवळ ओरडली, "मामा, मामींना विचारूच नका! एक ओळ बदला, सगळं आपोआप मंजूर करून टाका. आजच्यापुरतं! उद्या परत लावा."

ती एक ओळ प्राध्यापकांना ठाऊक होती. त्यांनीच लिहिली होती. ते यंत्रासमोर बसले, ओळ उघडली, बोटे अक्षरांवर ठेवली. मागे काकू पोस्टमास्तरांना सांगत होत्या, "कोटाचं काज बघितलंत? हातानं शिवलेलं. असल्या कोटाला आमचं प्लास्टिकचं द्यायचं? पाप लागेल." कितीतरी महिन्यांत न ऐकलेला तो आवाज होता; दुकानातला, शिडीवरून खाली येणारा आवाज. प्राध्यापकांची बोटे थांबली. ही ओळ बदलली तर अर्ज वाचेल. पण ज्यासाठी अर्ज केला ते दुकान म्हणजे नेमके हेच 'नामंजूर' होते. दुकान वाचवण्यासाठी दुकान मोडायचे, याला तर्कशास्त्रात वदतोव्याघात म्हणतात. आयुष्यभर आपण तत्त्वाचा माणूस आणि ही धंद्याची, असे मनात कुठेतरी धरून चाललेल्या त्या गृहस्थांना तेव्हा कळले की घरातले कडक तत्त्व इतकी वर्षे दुकानात जाऊन बसत होते. त्यांनी यंत्र मिटले.

"काय हो, काही बदलत होतात?" काकूंनी विचारले.

"काही नाही."

तेवढ्यात फोन वाजला. या वेळी फोटो नव्हता, माणूस होता. काकूंनी स्पीकर लावला.

"मॅडम, मी पडताळणी खात्यातून बोलतोय. तुम्ही मला दोनदा नाकारलंत!"

"भिंत तुमचीच का?"

"तो नुसता नमुना होता."

"रंग उडालाय हो तिचा. बटणानं नाही भागायचं."

"मॅडम, प्लीज समजून घ्या. मला बटण नकोय! मला ते फक्त विकत घ्यायचंय!"

प्राध्यापकांनी नकळत कागद ओढला. चाळीस वर्षे ते विद्यार्थ्यांसाठी आत्मविसंगतीचे निर्भेळ उदाहरण शोधत होते.

"नकोय तर घेऊ नका," काकू शांतपणे म्हणाल्या. "मी कुणाच्या गळ्यात मारत नाही."

"तसं नाही हो. हा तिसरा प्रयत्न. गेला, की तुमची फाइल आपोआप बंद होते. मग माझ्याही हातात काही नाही." आवाज खरोखरच कष्टी होता.

काकूंनी प्राध्यापकांकडे पाहिले. प्राध्यापकांनी काहीही सुचवले नाही. त्यांच्या आयुष्यातली ही बहुधा पहिलीच वेळ.

"आत्ता अंगात काय घातलंय?" काकूंनी विचारले.

"अं? शर्ट."

"सगळी बटणं आहेत?"

"आहेत."

"खरं सांगा."

आवाज खाली गेला. "वरून चौथं नाहीये. टायखाली दिसत नाही."

"पोटावरचं. तेच जातं आधी. बसून काम असणार तुमचं. कधीपासून?"

"झाले दोनेक महिने. टाचणी लावतो."

"टाचणी! टोचत नाही?"

"टोचते की. वाकलो की टोचते."

"अहो, मग वेड्यासारखे भिंतींचे फोटो काय काढताय? काज दाखवा. शर्ट काढू नका, तसाच."

फोटो आला. कुणाच्या तरी हाताने टाय बाजूला धरला होता आणि टाचणी स्पष्ट दिसत होती. काकूंनी पडद्यावर बोटे फिरवून काज मोठे केले. "चार छिद्रांचं, दुधी. अहो, खण एकशे त्रेचाळीस!" प्राध्यापक शिडीवर चढले. पोस्टमास्तरांनी शिडी धरली. बटण खाली आले, काकूंनी ते फोटोशेजारी धरले आणि 'मंजूर' दाबले. पैसे भरायची चौकट उघडली, आणि तिच्यावर दहा मिनिटांचे घड्याळ उलटे चालू लागले.

"भरतो हं," अधिकारी म्हणाले. आणि मग, "अरेच्चा."

"काय झालं?"

"रक्कम किमान मर्यादेपेक्षा कमी आहे म्हणतंय. आमचाच नियम. निदान सात बटणं तरी घ्यावी लागतील. घेतो मी सात."

"तुमचं गेलंय एक."

"सहा ठेवून देईन हो!"

"पडून राहायचंय तर माझ्या खणात बरी आहेत ती."

"वहिनी!" पोस्टमास्तर कळवळून म्हणाले. घड्याळात आठ मिनिटे उरली होती.

"थांबा हो. का हो साहेब, तो टाय कुणी धरला होता?"

"शेजारची मुलगी. म्हणजे सहकारी."

"तिच्या मनगटाची बाही दिसतेय फोटोत. सुटी लोंबतेय. तिला बोलवा."

नंतरची सात मिनिटे प्राध्यापकांना नीट आठवत नाहीत. संशय घेणे हाच ज्यांचा व्यवसाय, अशा त्या खात्यात एकेक माणूस उठून आपापली काजे दाखवू लागला. बाहीचे एक, कोटाची दोन, एका वरिष्ठांचे असे एक की जे त्यांनी खुर्चीत बसूनच राहून आजवर झाकले होते. काकू एकेकाला विचारत होत्या. "हे धुताना गेलं का? कोण धुतं? स्वतः? शाबास." "तुमच्या आई बऱ्या आहेत ना आता?" प्राध्यापक शिडीवरून खणांचे आकडे ओरडत होते, पोस्टमास्तर बटणे झेलत होते. एक फोटो नामंजूरही झाला (चौकट आधीच उघडली होती म्हणून प्रयत्न बचावला), कारण त्या गृहस्थांच्या शर्टाला बटण नव्हे, नवा शर्ट हवा होता, आणि तसे त्यांना सांगण्यात आले. नऊ बटणे पिशवीत पडली तेव्हा घड्याळात चाळीस सेकंद उरले होते. पलीकडे कुणीतरी कळ दाबली. पडद्यावर हिरवी खूण आली आणि फोनमधून टाळ्यांचा आवाज.

"काकू, जमलं!" अधिकारी म्हणाले. मॅडमची काकू कधी झाली ते कुणाच्या लक्षात आले नाही.

तासाभराने प्राध्यापकांना पत्र आले. व्यवहार यशस्वी. मात्र मालकिणीने प्रत्येक विक्री स्वतः मंजूर करण्याची पद्धत कंपनीला अपरिचित आहे. तरी मंजुरीचे निकष लेखी द्यावेत, म्हणजे अर्ज अंतिम होईल. शब्दमर्यादा दोन हजार.

प्राध्यापकांच्या डोळ्यांत पाणी यायचे बाकी राहिले. या कंपनीने पहिल्यांदाच त्यांना असे काहीतरी मागितले होते जे त्यांना येत होते. ते यंत्र घेऊन बाहेरच्या खोलीत बसले आणि त्यांनी बाह्या सरसावल्या. अनुमान, उपमान, काजाची लांबी आणि बटणाचा व्यास यांचा अविनाभाव. तीन पाने झाली. मग त्यांना वाटले, की प्रमाण म्हणून मालकिणीचे म्हणणेही घ्यावे.

"अगं," ते दारातून म्हणाले, "कुठलं बटण बसेल आणि कुठलं नाही, हे तू नेमकं कशावरून ठरवतेस?"

काकूंनी क्षणभर विचार केला. "बघितलं की कळतं."

"तसं नव्हे. निकष काय?"

"अहो, सांगितलं ना. बघितलं की कळतं."

प्राध्यापक परत आले. त्यांनी आपली तीन पाने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. त्यात एकही विधान चूक नव्हते, आणि त्यातल्या एकाही विधानावरून कुणाला एक बटण निवडता आले नसते. त्यांनी ती पुसली. निकषांच्या चौकटीत त्यांनी लिहिले: 'बघितलं की कळतं.' शुद्ध लेखी रूप वापरावे की काय, यावर ते थोडे अडखळले, पण वाक्य त्यांचे नव्हते. त्यांनी ते तसेच ठेवले, तळटीप दिली नाही आणि पाठवून दिले.

अर्ज अंतिम मंजूर झाल्याचे उत्तर दोन मिनिटांत आले.

प्राध्यापकांनी ते छापून घेतले आणि तो कागद हातात धरून ते जवळजवळ धावतच अभ्यासिकेत गेले. काकू खणांच्या मधोमध खुर्चीत बसल्या होत्या, पाय समोरच्या पाटावर, फोन कानाला. कुणीतरी पलीकडून बरेच काही सांगत होते. "मग? मग ती काय म्हणाली?" काकू विचारत होत्या. प्राध्यापकांनी कागद उंच धरून तोंड उघडले, तेवढ्यात काकूंनी ओठांवर बोट ठेवले आणि दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे मान हलवली.

गिऱ्हाईक होते. प्राध्यापक खुर्चीवर बसले आणि आपला नंबर यायची वाट पाहू लागले.